बेटावरची चाळण

निपाणीत तंबाखूच्या वखारींना मी चाळण्या करून पुरवतो. धंदा बापाकडून आलेला नाही, मी उभा केलाय. कोकणातल्या एका बेटावर प्राचीन व्यापारी बंदर सापडलं, तिथल्या उत्खननाच्या साहेबांनी माझ्याकडं चाळण्या मागितल्या. मी अडून बसलो: चाळणाऱ्या बायकाही माझ्याच घ्या. वखारी बंद होत्या, बायकांना काम हवं होतं आणि मला पुढचा ठेका. फोनवर घासाघीस करून कबूल करून घेतलं.

बायकांना घेऊन मी बेटावर पोचलो. साहेब खड्ड्यात उतरले. वर ताडपत्रीखाली बायका माती चाळू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत साहेब आले, तर चाळलेली बारीक माती पोत्यांत भरून, तोंडं शिवून ओळीनं लावलेली.

"आणि चाळणीत वर राहिलेलं?"

"खडेबिडे व्हय? टाकलं की तिकडं," बायकांतली थोरली आक्का म्हणाली.

वखारीत चाळणीखाली पडतो तो माल, वर राहतात त्या काड्या. इथं उलटं होतं. टाकलेल्या ढिगात परदेशी रांजणांची खापरं होती, मणी होते, सकाळपासूनच्या सगळ्या थरांतलं एकत्र झालेलं. कुठली वस्तू किती खोलीवरची, ते आता कळणार नव्हतं.

साहेब माझ्यावर ओरडले. मीही आवाज चढवला. "काय ठेवायचं ते तुम्ही सांगितलंत का?"

"माती चाळून कुणी माती ठेवतं का?"

"आम्ही तंबाखू चाळून तंबाखूच ठेवतो!"

"संध्याकाळच्या होडीनं सगळे परत जा."

मी आणखी तापलो. तेवढ्यात आक्का बायकांना घेऊन ढिगापाशी जाऊन बसली सुद्धा. खापरं एकीकडं, मणी एकीकडं. "साहेब, आता कळलं आम्हाला. अण्णांना भांडू दे, त्यांचं चालायचंच."

साहेबांनी बायकांना ठेवून घेतलं. होडीत मी एकटा.

आता दर हिवाळ्यात बायकांना बेटावरून थेट बोलावणं येतं. मला कुणी विचारत नाही. ज्यानं त्यांना नेलं, तोच बाहेर. परवा आक्का बेटासाठी नव्या चाळण्या घ्यायला आली. मी भाव सांगितला.

"अण्णा, वखारीला तर कमी लावतासा की!"

"वखारीनं मला होडीत बसवलं नव्हतं."

"मग साहेबास्नी सांगते, तुमीच बोला."

"बोलू दे की त्यांना," मी म्हटलं. "फोन चालू हाय माझा."