नारिंगी खोलीचा वास

तारापूरजवळच्या दांडी गावचा भिका होड्या रंगवायचा. नारळी पुनवेआधी किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांवर त्याचा हात फिरलेला असे. पण तारापुरात त्याचं नाव निघे ते एका खोलीमुळे.

ही १९२६ सालची गोष्ट. बागायतदारांच्या घरात नवी आलेली सून, वत्सलाबाई, एक विलायती मासिक छातीशी धरून बसायची. त्यात नारिंगी भिंतींच्या, काळ्याभोर चौकटींच्या आणि मोरपंखी लाकडी छताच्या खोल्यांची चित्रं होती. आपला दिवाणखाना तसाच हवा, असा तिने हट्ट धरला. घरच्यांनी नाकं मुरडली. चुन्यापलीकडे न गेलेल्या गवंड्यांना ते रंग जमेनात, म्हणून होडीवाल्या भिकाला बोलावणं आलं.

रंग कालवायला बाईंनी मुंबईहून अळशीचं तेल मागवलं होतं. भिकाचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. खाऱ्या हवेला पुरून उरणारं तेल एकच, मुशी माशाच्या काळजाचं! होडीला तेच चोपडतात ना? त्याने गुपचूप तेच घातलं. होडी उघड्या वाऱ्यावर असते आणि खोलीला चार भिंती असतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

रंग असा चढला की पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. आठ दिवसांनी वास सुटला. सासरे, नवरा, पत्ते कुटणारी मंडळी, सगळ्यांनी खोलीकडे पाठ फिरवली. बाई तेवढ्या उदबत्ती लावून एकट्या बसत. भिकाने तोंडात मिठाची गुळणी धरली. एका पोरीची हौस आपण नासवली, हे मात्र त्याला चाळीस वर्षं टोचत राहिलं.

आता १९६६ उजाडलं होतं. बाई विधवा झाल्या होत्या आणि वासही भिंतीत निजल्यासारखा झाला होता. अणुवीज केंद्राच्या कामासाठी परगावचे साहेब आले होते, त्यांना घरं हवी होती. बाईंचा मुलगा दामूशेठ याने दिवाणखाना भाड्याने द्यायचा आणि आईला मागच्या पडवीत हलवायचं ठरवलं.

"साहेब संध्याकाळी बघायला येणार," तो भिकाला म्हणाला. "तोवर सगळं पांढरं कर."

सोड्याच्या गरम पाण्याने भिंतीतलं तेल खरवडून काढल्याशिवाय चुना लावण्यात अर्थ नाही, हे भिकाला पक्कं ठाऊक होतं. पण का, असं कोणी विचारलं तर? खाई त्याला खवखवे. त्याने मुकाट्याने चुन्यात कुंचला बुडवला आणि ओढला. ओला चुना लागला मात्र, भिंतीतला वास खडबडून जागा झाला. तेवढ्यात दारात बाई येऊन उभ्या राहिल्या.

भिकाला राहवेना. "बाय, माजी चूक हाय ती. अळशीचं तेल मी घातलंच नाय. मुशीचं घातलं."

"माहीत आहे."

"कवापासून?"

"तेव्हापासूनच. अळशीचा डबा तू भरलेलाच कोठीत ठेवून गेलास. मला काय डोळे नव्हते?" बाईंनी हात चौकटीवर टेकला. "बोलले असते तर घरच्यांनी खोली पुन्हा रंगवून घेतली असती. मग इथे पत्त्यांचा अड्डा बसला असता आणि मी चहा करत चुलीपुढे. त्या वासाने ही खोली माझी एकटीची राहिली, भिका. इथे मी पोटभर वाचलं. रडलेसुद्धा, मोठ्याने. घरात दुसरीकडे कुठे रडता आलं असतं?"

चाळीस वर्षं उगाच जळलो म्हणून हसावं, की आज ही खोली आपल्याच हाताने जातेय म्हणून रडावं?

ओसरीवर बूट वाजले. दामूशेठ साहेबांना घेऊन वेळेआधीच आला होता.

"ही घाण कसली?" तो दारातूनच ओरडला.

उभ्या आयुष्यात भिका याच प्रश्नाला भ्याला होता. आज त्याने कुंचला खाली ठेवला.

"माजी हाय, शेठ," तो साहेबांनाही ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला. "भिंतीत मुशीचं तेल मुरवलंय मी. उकरली तरी जायची नाय."

सोड्याचं नाव त्याने काढलं नाही. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि ते ओसरीवरूनच माघारी फिरले. दामूशेठने चारचौघांत भिकाचा उद्धार केला. त्यानंतर तारापुरात त्याला भिंतीचं काम कोणी दिलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र भिका ओला चुना फडक्याने पुसत बसला. खालचा नारिंगी रंग वर येऊ लागला, तशी बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यालाच दार आतून लावून घ्यायला सांगितलं.