लिंबावरची अळी

गच्चीवरच्या अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये सासूबाईंनी लिंबाचं कलम लावलं आणि माझ्या नशिबात अळी आली. हिरवी, गुबगुबीत. बोट लावलं की डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. मी परदेशातल्या एका गेम कंपनीसाठी ड्रॅगन, राक्षस, पाताळातली जनावरं काढते. एकदा सहज त्या अळीला पंख आणि दात लावून पाठवलं. तिकडच्यांना ती इतकी आवडली की तेव्हापासून मी दुसरं काही काढलेलंच नाही. अळी उडताना, अळी झोपलेली, अळीची पिल्लं. आता तिचं लग्न लावायचं तेवढं राहिलंय.

सकाळी झाडांना पाणी घालायचं, अळ्यांचे फोटो काढायचे, मग दिवसभर स्क्रीनसमोर. वांगी, मिरची, दोडक्यावरची कीड मी बिनदिक्कत चिरडायची. लिंबावरच्या अळ्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही, असा माझा नियम. सासूबाई येवल्याकडच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. झाडावर अळी पाळणारी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. लिंबाला पालवी फुटायची आणि फस्त व्हायची. फूल धरायला झाडात जीवच राहायचा नाही. पहिलं लिंबू देवापुढे ठेवायचं त्यांच्या फार मनात होतं.

यंदा मला त्या अळीचा तिटकारा आला. पेन घेतलं की हात आपोआप तीच शिंगं काढायचा. मुलीसाठी मोर काढायला बसले, तर त्यालाही शिंगं फुटली. कंपनीकडून पुढच्या भागाची विचारणा आली होती. मी ठरवलं, नाही म्हणायचं. मोह नको म्हणून सगळ्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. झाड मोकळं झालं, मलाही मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पानांवर पुन्हा अळ्या. वेचल्या, तर परत आल्या. अंडी नाहीत, बारकी पिल्लं नाहीत, थेट पोसलेल्या अळ्या. मला वेड लागायची पाळी आली.

मग एका सकाळी जरा लवकर वर गेले. सासूबाई ड्रमपाशी वाकल्या होत्या. हातात शेजारच्यांच्या कढीपत्त्याची डहाळी आणि तिच्यावर अळ्या. एकेकीला उचलून त्या अलगद लिंबाच्या पानावर ठेवत होत्या.

"आई, हे काय करताय?"

"अगं, तुझ्या अळ्या कुठं जातात काय माहीत. पाखरं खात असतील. म्हटलं, तुझं काम अडायला नको." मग जरा लाजून म्हणाल्या, "गावाकडं सगळ्यांना सांगितलंय मी, आमच्या सुनेची अळी साता समुद्रापार गेली हाय."

"आणि तुमचं लिंबू?"

"लिंबाचं काय, बाजारात लय मिळतात."

मला त्यांचा राग आला, खरंच आला. भांडखोर सासू असती तर सोपं गेलं असतं. तिला तोंडावर सांगता आलं असतं की मला हे सगळं नकोय.

"ही धर जरा, माझी कंबर भरली," म्हणत त्यांनी डहाळी माझ्या हातात दिली. शेवटची अळी मी लिंबावर ठेवली. तिनं शिंगं बाहेर काढली.

"बघ, ओळखते तुला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

खाली येऊन मी कंपनीला होकार कळवला.