मेधा आणि ओसाड गावातली रानडुकरं

मेधा गेल्याचं सांगायला तिच्या नवऱ्याचा, दीपकचा फोन आला, तेव्हा मी इथे जपानमध्ये, कसाई नावाच्या स्टेशनच्या सायकल पार्किंगमध्ये होते. "मेंदूत रक्तस्राव झाला," एवढंच तो बोलला. या गोष्टीला आता दोन महिने होतील. इथल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जणांनी मला हळूच विचारलं, "ते फुकुशिमाचं काही नव्हतं ना?" नव्हतं. रक्तवाहिनी जन्मापासूनच नाजूक होती, असं डॉक्टरांनी दीपकला स्पष्ट सांगितलं. मेधा असती तर न चिडता तिनेच हे समजावलं असतं. "सगळ्यांना दोन डोक्यांचं डुक्कर बघायचं असतं गं," असं ती हसून म्हणायची.

हिगाशी-कसाईत ती माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. पुण्यात प्राणिशास्त्र शिकलेली, कोयनेच्या जंगलात गव्यांच्या मागावर हिंडलेली ही मुलगी दीपकच्या नोकरीमुळे इथे आली आणि काही वर्षं बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भात भरत राहिली. जपानी शिकली ती तिथल्याच बायकांकडून. मग एका विद्यापीठाच्या गटात तिला काम मिळालं. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर रिकाम्या झालेल्या गावांतल्या रानडुकरांचा अभ्यास. दीपक हादरलाच. माझ्यासमोर म्हणाला, "अगं, जिथून लोक निघून गेले, तिथे तू जाणार?"

"लोक गेले. जनावरांना कुणी सांगितलंच नाही रे," मेधा म्हणाली.

ती परत आली की तिच्या अंगावरचा किरणोत्सार मोजणारा बिल्ला तो आधी बघायचा.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले. वर्षानुवर्षं ज्यांची नारिंगी काकी फळं कुणी उतरवलीच नव्हती अशी झाडं, डुकरांनी ढुशा देऊन मोडलेली दारं... आणि अशा गावात परवानगी मिळताच एकट्याच राहायला परतलेल्या हारुए-सान आजी. त्यांची मुलं काही आली नाहीत. त्यांच्या घरामागे बांबूचं बेट होतं आणि दर वसंतात त्या तिथले कोवळे कोंब, खाण्याजोगे आहेत का हे तपासायला, मेधाकडे द्यायच्या. त्या दिवशीही मेधा म्हणाली, "याही वर्षी नको."

"डुकरं तर रोज खातात!" आजी रागावल्या.

"म्हणूनच तर त्यांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम सापडतं, हारुए-सान."

परतताना गाडीत मी म्हटलं, "ऐंशी उलटलेली बाई. खाऊ दे की, आता काय फरक पडणार?" मेधा म्हणाली, "त्यांनी मला खरं काय ते विचारलंय. उद्या मी 'खा' म्हणेन, तेव्हा त्यांना ते खरं वाटायला नको का?"

आणि या वसंतात ती खरंच 'खा' म्हणाली. बेटाच्या एका कडेचे कोंब तपासणीत चांगले निघाले. हारुए-साननी कोंब घालून भात शिजवला आणि मेधाला सहकुटुंब बोलावलं. दीपकनेच मला नंतर सांगितलं, "आजींनी पहिली वाटी ईराच्या हातात दिली. माझ्या लेकीच्या! मी मेधाकडे पाहिलं... आणि थांब म्हणालो नाही."

परवा तिच्या गटातल्या एका सहकाऱ्याने हालचाल होताच आपोआप टिपणाऱ्या, जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो दीपकला पाठवले. कॅमेरा नीट चालतो का, हे बघायला ती स्वतःच त्याच्यासमोरून रांगत जायची, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. फोटोत मेधा हातापायांवर, केसांत पाला, नाक फेंदारून कॅमेऱ्याकडे रोखून बघतेय. "मामा, इनोशिशी!" ईरा ओरडली. जपानीत, आई, रानडुक्कर! दीपक हसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याने पुढचा फोटो उघडला. तीच वाट, उजाडतानाची. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं घेऊन एक डुकरीण आलेली, आणि मेधा जिथे रांगली होती तिथली माती ती निवांत हुंगत उभी होती.