उलट्या दिशेने निघालेला घोडा

बफिंगला, म्हणजे घासून चकाकी आणायला बसलो आणि घोडा खटकला. राजमुद्रा होती, आम्ही ओतलेली, पितळेची, अंबरनाथच्या एका सरकारी कार्यालयाच्या हॉलसाठी. वर सिंह, खाली पट्टीवर मधोमध चक्र, एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला बैल. आमच्या मुद्रेत घोडा उजवीकडे होता. मी माझा पासपोर्ट शेजारी धरला. त्यावर डावीकडे.

पॅटर्न म्हणजे वाळूत दाबायचा नमुना; त्याच्या खळग्यात धातू ओततात. तो सुलटाच लागतो. डाय कापताना मात्र चित्र उलटं घेतात, छाप सुलट उमटावा म्हणून. कॉन्ट्रॅक्टर हरेशभाईंनी पॅटर्नचं काम मला न देता, स्वस्त पडतो म्हणून, रोज डाय कापणाऱ्या सीएनसी मशीनवाल्याकडून आणला. त्याने सवयीने चित्र उलटवलं. ‘सत्यमेव जयते’ची पट्टी वेगळी केलेली, ती बरोबर. त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. हे मी हरेशभाईंना आजही ऐकवतो.

मी कळवताच हरेशभाई धावत आले. “साईं, घोडा इकडे की तिकडे, कौन देखता है? परवा उद्घाटन आहे!”

“मी बघतोय ना. परत वितळवणार.”

“डोकं फिरलंय तुझं!”

“आवाज खाली. आपल्या कॅम्प चारच्या कारखान्यांतला माल म्हटलं की लोक आधीच डुप्लिकेट म्हणतात.”

भांडता भांडता मी घोड्यावर बोट ठेवलं आणि थांबलो. तो उजवीकडे पळत होता. बैलही उजवीकडे. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. पासपोर्टवरचे दोघे डावीकडे, म्हणजे तसेच निघाले होते, आणि ज्यावरून ही मुद्रा घेतली त्या मूळ खांबावर पट्टीच्या मागच्या बाजूला असलेले हत्ती आणि सिंहही त्यांच्याबरोबर. चौघांची प्रदक्षिणा. आम्ही ती उलटी ओतली होती.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. इतकी वर्षं ही मुद्रा मला नुसती उभी वाटायची. ती चालत होती. जे दोघे आपल्याला दिसतही नाहीत, तेसुद्धा चालत होते.

“हरेशभाई, पासपोर्टवर बोट ठेवा. आता ही पट्टी गोल आहे समजून फिरवा.”

त्यांनी फिरवलं. मग चपला काढल्या.

“चपला घाला, खाली पितळेचा चुरा आहे.”

“उद्यापर्यंत होईल?”

“होईल. पण यापुढे पॅटर्न माझ्याकडेच.”

“हो रे बाबा, तुझ्याकडेच.”

सुलटा पॅटर्न केला, नवी मुद्रा ओतली, ती वेळेत लागली. उद्घाटनाला आम्हाला कुणी बोलावलं नाही. नंतर एकदा मुद्दाम गेलो. खाली दाखल्यांची रांग, वर ते चौघे. वॉचमनने हटकेपर्यंत मी मान वर करून उभा होतो.

हल्ली कुठलंही चित्र वाळूत दाबण्याआधी त्यातली जनावरं कुठे निघालीत ते मी पाहून घेतो.