दहावा शब्द

आमच्यात माणसं मोजायची नसतात. म्हणजे एक, दोन, तीन असं बोट दाखवून तर नाहीच. आम्ही बेने इस्राएल, महाराष्ट्रातले ज्यू. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याशिवाय तोराची पोथी उघडत नाही. पण आकडा म्हणून उच्चारायचा नाही. त्यासाठी दहा शब्दांची एक जुनी हिब्रू ओळ आहे. आमच्या पुण्याच्या सिनेगॉगमध्ये ज्यानं त्यानं आपापला शब्द म्हणायचा, असा रिवाज. शेवटचा शब्द ऐकू आला की प्रार्थना सुरू. बायकांच्या वाट्याला त्या ओळीतला एकही शब्द नाही. यावरून माझं आणि बाबांचं मी शाळेत असल्यापासून भांडण आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

बाबा त्या सिनेगॉगचे मुकादम होते. समाजाच्या प्रमुखाला आमच्यात मुकादमच म्हणतात. इकडे मी राहते त्या उमरग्यात मुकादम म्हटलं की लोकांना ऊसतोडीची टोळी आठवते. खरं सांगायचं तर फारसा फरक नव्हता. दोघांचंही काम माणसं गोळा करायचं. निम्मा समाज इस्राएलला गेला, उरलेला म्हातारा झाला, तसे बाबा पहाटे उठून घरोघरी फोन लावत. कुणाचे गुडघे दुखतायत, कुणाचं बायकोशी वाजलंय, सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "ते असू दे, टोपी घाल आणि ये."

मग ते जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी त्यांना इकडे घेऊन आले, कारण हायवेलगतच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. ट्रक ड्रायव्हरांच्या कमरा सरळ करणारी मी, माझ्याच बापाला पलंगावरून उठवू शकले नाही. हाड जुळलं होतं, पण ते उभे राहायलाच तयार नव्हते. आधी त्यांनी प्रार्थना सोडली, मग जेवण अर्ध्यावर आणलं, मग बोलणं. त्यांचं शेवटचं पूर्ण वाक्य होतं, "दहातला नसलेला माणूस कशाला हवाय कुणाला?" असे पडून राहिले तर छातीत कफ भरेल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. मला भीती वाटत होती. रागही येत होता.

शेवटी मी पुण्याच्या नव्या मुकादमाला फोन केला. चाळिशीचा माणूस, मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान. बाबांनीच त्याला प्रार्थना शिकवली होती. "दहा जणांना घेऊन या," मी म्हटलं, "घरात प्रार्थना होऊ दे, मलिदा होऊ दे." तो म्हणाला, "बघतो." मी म्हटलं, "बघू नका, या."

रविवारी दुपार कलल्यावर मोठी गाडी दाराशी थांबली. एकेक जण आखडलेली कंबर धरत उतरला आणि चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवत आत आला. मी दारात उभी राहून चक्क बोटांनी मोजले. नऊ.

"दहावा कुठंय?"

"नाही आला," मुकादम शांतपणे म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. अख्खा दिवस गाडीत घालवून नऊ जण येतात? यापेक्षा कुणीच आलं नसतं तर बरं! पलीकडचे टायरवाले चाचा चहाची किटली घेऊन आले होते. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "ताई, कमी पडत आसंल तर म्या हुबा ऱ्हातो की. आमच्यात दोघं आसले तरी नमाजाची जमात व्हती." हसावं की रडावं, मला कळेना. मुकादमानं मात्र चाचांना मनापासून सलाम केला, त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सगळ्यांना घेऊन बाबांच्या खोलीत गेला.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुणी "कसं काय" विचारलं नाही, कुणी कीव केली नाही. सगळे पलंगाभोवती उभे राहिले आणि मुकादमानं ओळीतला पहिला शब्द म्हटला. दुसऱ्यानं दुसरा, तिसऱ्यानं तिसरा. शब्द पलंगाच्या कडेनं फिरत फिरत उशाशी उभ्या असलेल्या नवव्या माणसापर्यंत आला. त्यानं आपला शब्द म्हटला.

आणि सगळे गप्प.

बाहेर हायवेवर ट्रक जात होते. कुणी हललं नाही. मी दाराला धरून उभी होते, माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता, मला तो लहानपणापासून पाठ आहे. म्हटला असता तर कुणाच्याच कामाचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं नाही.

बाबांची मान हळूहळू वळली. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि फाटक्या, न वापरलेल्या आवाजात शेवटचा शब्द म्हटला.

प्रार्थना सुरू झाली. प्रत्येक आमेनला बाबांचा आवाज थोडा वर चढत होता.

नंतर मलिदा, म्हणजे आमचा प्रसाद, वाटला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वरून फळं. चाचा म्हणाले, "आमच्या दर्ग्याला चपातीचा आसतोय, पर ह्यो बी लई झ्याक." बाबांनी उशीला टेकून बशी घेतली आणि चौकश्या सुरू केल्या. अमक्याचा मोतीबिंदू काढला का, तमक्याची मुलगी कुठं दिली. मग विचारलं, "घड्याळवाला का नाही आला?"

केळी सोलणारे एक म्हातारे काका पटकन बोलून गेले, "तो गाडीत बसला होता की. यानंच त्याला खाली उतरवलं."

मी मुकादमाकडे बघतच राहिले. गाडीत जागा होती, माणूस तयार होता, आणि यानं तरीही मुद्दाम एक जागा रिकामी आणली होती. माझ्या ओरडण्यावर एक अक्षर न बोलता.

बाबा कडाडले, "मुकादम आहेस का कोण आहेस तू? इतक्या लांब नऊ माणसं घेऊन निघतात? मी बोललोच नसतो तर?"

"उभे राहिलो असतो, काका."

"किती वेळ?"

"तुम्ही बोलेपर्यंत."

बाबांनी बशी खाली ठेवली. मग मला म्हणाले, "तो वॉकर आण इकडे. मुकादमांना दारापर्यंत पोचवायला जायचंय."