शांत मुलगा

सर्वेशचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. दहिसरच्या चाळीतून साइट चालत अर्ध्या तासावर आणि हजेरी आठची. तरी साडेचार. मधला वेळ शोधाशोधीत जायचा. किल्ली, मोबाइल, हेल्मेट, गेटपास. एक सापडेपर्यंत दुसरं हरवायचं. चहा गॅसवर ठेवून दाढीला बसला की चहा उतू जायचा. सगळ्यांच्या आधी उठूनही तो धापा टाकतच पोचायचा.

काम टॉवरला काचेच्या खिडक्या बसवण्याचं. हात चांगला होता. त्याने बसवलेल्या खिडकीतून पाणी आत आलं, अशी तक्रार कधी आली नाही. पण बाहेर झुकण्याआधी कमरेच्या पट्ट्याचा हुक पाइपाला अडकवायचा असतो, तो विसरायचा. तिसऱ्यांदा विसरला तेव्हा चौदाव्या मजल्यावर होता. जोडीदार सौरभने मागून कॉलर धरून ओढलं.

"मरायचंय काय रे तुला? मर, पण माझ्या जोडीला असताना नको!"

सुपरवायझर हर्षदने त्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. तिथून सर्वेश खाली आला, ट्रकमधून काचा उतरवायला. अंगमेहनत दुप्पट, पगार कमी.

"माझ्या मेव्हण्याचं असंच होतं," हर्षद म्हणाला. "लक्षच टिकायचं नाही. एडीएचडी निघालं. गोळ्या चालू केल्या, सुधारला. तू पण दाखव. डॉक्टरने लिहून दिलं, औषध लागू पडलं, की वर घेतो तुला."

अडतीस वर्षं सगळे त्याला बेफिकीर म्हणत आले होते. त्याला आजाराचं नाव असू शकतं, हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. बायकोने, श्वेताने, बोरिवलीची डॉक्टर शोधली. चाचण्यांसाठी त्याने ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवले. पहिल्या भेटीत डॉक्टर म्हणाली, "हे मोठेपणी होत नाही, लहानपणापासून असतं. तेव्हा तुम्हाला ज्यांनी पाहिलंय, त्यांच्याशी मला बोलायला लागेल."

तसं माणूस एकच उरलं होतं. आई.

"आईंना आधीच सांग," श्वेता म्हणाली. "खरं काय ते डॉक्टरांना सांगायचं म्हणून."

"सांगतो."

त्याने सांगितलं नाही. विसरला नव्हता.

खरं असं होतं. वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली, ते गावी गेले ते परतलेच नाहीत. आई, रत्नप्रभा, बोरिवलीत घरोघर पोळ्या लाटायची. सर्वेश पाच वर्षांचा. दार उघडं दिसलं की सुटायचा. चाळीच्या मागे नदी. शेजारचा एक मुलगा पावसाळ्यात तिच्यात गेला, तो मिळालाच नाही. त्यानंतर आई कामाला निघताना जुन्या लुगड्याच्या पट्टीने सर्वेशचा पाय लोखंडी खाटेला बांधायची. जवळ कुरमुऱ्यांची वाटी आणि पाण्याचा तांब्या. दुपारी येऊन सोडायची. शाळेत नाव घालेपर्यंत हे चाललं. त्यावर मायलेक कधी एक शब्द बोलले नाहीत.

दवाखान्यात जायला आई ठेवणीतलं पातळ नेसली, गजरा माळला. मुलगी बघायला निघाल्यासारखी.

"लहानपणी कसा होता हा?" डॉक्टरने विचारलं.

"माझो झील? लय शांत," आई म्हणाली. "बसवलंय थंयच बसायचो."

"एका जागी? किती वेळ?"

"मी कामावरून येईसर. कोणाक तरास नाय."

"शाळेतून तक्रारी यायच्या? प्रगतिपुस्तक आहे?"

"पुरात गेला सगळा. तक्रार कधी नाय."

डॉक्टर सर्वेशकडे वळली. "तुम्हाला काय आठवतं?"

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. सर्वेशला घोट्याशी काचल्यासारखं झालं. बोलला असता तर एका वाक्याचं काम होतं.

"आई म्हणते तसंच," तो म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. लहानपणी लक्षणं नसतील तर मी एडीएचडी लिहू शकत नाही, म्हणाली. झोप कमी असेल, टेन्शन असेल. "चाचण्या सध्या नकोत. काही आठवलं तर मात्र या."

रिक्षात आईने विचारलं, "मी बरोबर बोललंय मा?"

"बरोबर बोललीस."

घरी श्वेता कपाळावर हात मारून म्हणाली, "वाट लावलीस स्वतःची."

तो परत डॉक्टरकडे गेला नाही. पाऊस संपेपर्यंत काचा उतरवल्या. माणसं कमी पडली तेव्हा हर्षदने परत वर बोलावलं, पण अट घातली. हुकाला सर्वेशने हात लावायचा नाही. सौरभ त्याला पाठीमागून खांबाला बांधणार, सौरभच सोडणार. दोरी ज्याची त्याने आणायची.

"मुतायला जायचं असेल तर सांग रे बाळा," सौरभ हसून म्हणाला. सर्वेशही हसला.

चाचण्यांसाठी ठेवलेल्या पैशातून नायलॉनची जाड दोरी आली. आईने ती पिशवीतून काढली, हातातून फिरवली. "ही कित्याक?"

"कामाला. सौरभ मला बांधतो. वर असताना पडू नये म्हणून."

आईने दोरीची नीट वेटोळी केली आणि पिशवीत ठेवली. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"घट्ट बांधू नको म्हणान सांग तेका," ती म्हणाली. "काचता."