सेफ्टी शूज आणि चपलांचा रॅक

“स्टॉप!” मिस्टर तिओ सोफ्यावरून ओरडले आणि नूर दारातच एका पायावर उभी राहिली. एक बूट पायात, एक हातात, खांद्याला टूल बॅग. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. टेस्ट चालू असताना शिक्षकानं बोलायचं नसतं, म्हणून मी कोपऱ्यात आ वासून नुसती उभी.

“सेफ्टी शूज काढले,” मिस्टर तिओ म्हणाले. “क्रिटिकल आयटम. फेल.”

क्रिटिकल आयटम म्हणजे अशी गोष्ट, की ती एक चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही माणूस नापास. वीज बंद न करता मशीन उघडणं हा एक. कामाच्या जागी सेफ्टी शूज काढणं हा दुसरा. बिचारीनं अजून एसीला हातसुद्धा लावला नव्हता.

मी सिंगापूरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये एसी सर्व्हिसिंग शिकवते. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, लग्नानंतर इथल्या टॅम्पिनीस भागात आले, काही वर्षं एका कंपनीत चिलरची, म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रांची, डिझाइन्स केली. मग एकदा कुणाच्या तरी बदली म्हणून शिकवायला गेले आणि तिथलीच झाले. दुसऱ्या देशांत कम्युनिटी कॉलेज म्हणतात ना, तसलं आमचं काम. शाळा संपवून आलेली मुलं असतातच, पण एका धंद्यातून उठून दुसऱ्यात बसू बघणारी मोठी माणसंही असतात. त्यांना इथे मिड-करिअर म्हणतात. ऐकायला झकास वाटतं. बहुतेकांची नोकरी गेलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

आसपासच्या कंपन्या आमच्याबरोबर बसून कोर्स ठरवतात. आम्हाला अमुक येणारी माणसं हवीत म्हणतात, जुनी मशिन्स देतात, टेस्ट घ्यायला स्वतः येतात आणि पास झालेल्यांना कामावर घेतात. एसीवाल्यांना तर इथे माणसं पुरतच नाहीत. बाराही महिने घाम. एसी बंद पडला की घरातली शांत माणसंसुद्धा एकमेकांच्या अंगावर येतात.

नूर म्हणजे नूरैनी. मलय, माझ्याच वयाची, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची. अर्धं आयुष्य एका मोठ्या दुकानात कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर गेलं. ते दुकान बंद झालं. मग इंटरव्ह्यूमागून इंटरव्ह्यू, आणि प्रत्येक ठिकाणी गोड हसून “कळवतो”. कोणी कळवलं नाही. शेवटी ती आमच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “चेर, लिपस्टिक लोकांनी नाही घेतली तरी चालतं. एसी कुणाला नको?” चेर म्हणजे टीचर. इथे अख्खा शब्द उच्चारायचे कष्ट कोणी घेत नाही. मला ती तेव्हाच आवडली.

मिस्टर तिओंची सर्व्हिसिंगची कंपनी बुकित बातोकच्या इंडस्ट्रियल भागात आहे. त्यांना माणसं ताबडतोब हवी होती. पण नूरचं नाव निघालं की त्यांची गाडी अडायची.

“मॅडम, लेडी आहे. शिडी जड असते.”

“मिस्टर तिओ, तिनं हील्स घालून दिवसदिवस उभं राहून काम केलंय. शिडीचं काय घेऊन बसलात?”

ते हसले होते. “बरं. पास झाली तर सोमवारपासून घेतो. नापास झाली तर परत विचारायचं नाही.” पुढची टेस्ट पुढच्या बॅचबरोबर. तोवर त्यांची जागा काही रिकामी राहणार नव्हती, आणि आणखी एक “कळवतो” ऐकायचं त्राण नूरमध्ये उरलं नव्हतं.

आता या सगळ्या घोळाचं मूळ सांगते. ते मूळ म्हणजे मीच.

आधीच्या बॅचबद्दल कंपन्यांची एक तक्रार होती. पोरं काम चांगलं करतात, पण लोकांच्या घरात कसं वागायचं ते त्यांना कळत नाही. सोफ्यावर पाणी सांडतात, बेल न वाजवता ग्रिलचं गेट खडखडवतात. म्हटलं, ठीक आहे, वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात आपण एक मॉक फ्लॅटच उभा करू. माझ्या अंगात संचारलंच. मरीन परेड भागातली एक मैत्रीण घर बदलत होती, तिचा सोफा आणला. काचेचं कपाट, प्लास्टिकची ऑर्किड्स, भिंतीवर कॅलेंडर. शेवटच्या आठवड्यात दार आणि ग्रिलचं गेट बसलं, आणि बाहेर मी हौसेनं चपलांचा रॅक ठेवला. त्यावर आमच्याच घरच्या दोन-तीन जुन्या चपला. बघणारा म्हणाला असता, आत कुणीतरी भात लावलाय.

सराव आमचा तोवर उघड्या वर्कशॉपमध्येच झाला होता. दारातून आत शिरायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदाच आली. आणि या देशात, जसं आपल्याकडे, घराचं दार दिसलं की पाय आपोआप थांबतात. डोक्याला विचारतसुद्धा नाहीत.

तर फेल झालेली नूर बाहेर गेली. तिच्या पाठोपाठ रवी अंकल आले. पूर्वी टॅक्सी चालवायचे, अत्यंत शिस्तीचे. त्यांनी बेल वाजवली, “गुड मॉर्निंग, सर” म्हणाले, दोन्ही बूट काढले, सॉक्स काढून त्यात कोंबले, आणि ती जोडी रॅकवर सरळ करून ठेवली. अगदी देवळात निघाल्यासारखी.

“फेल,” मिस्टर तिओ म्हणाले.

ही अख्खी बॅच आज अनवाणी नापास होणार होती. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि हात वर केला. “मिस्टर तिओ, पाच मिनिटं ब्रेक.” पुढच्याला थांबवायला मी धावत दाराबाहेर गेले, आणि रॅकपाशी थबकले. सगळ्यात वरच्या फळीवर, रवी अंकलच्या बुटांच्याही वर, काळ्या लेदरच्या बुटांची एक चकचकीत जोडी.

मी आत आले आणि खाली बघितलं. मिस्टर तिओंच्या पायात फक्त सॉक्स होते. पिवळे. त्यावर छोटी छोटी अननसं.

“मिस्टर तिओ, तुमचे बूट कुठे आहेत?”

त्यांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. कान लाल झाले. “टेस्टमध्ये मी कस्टमर आहे,” ते म्हणाले. “कस्टमर वेगळा.”

“पण काढलेत कधी?”

“आठवत नाही,” ते पुटपुटले, आणि मला इतकं हसू फुटलं की टेस्टची सगळी अदब पार वाऱ्यावर गेली. तेही हसले. पण लगेच गंभीर झाले.

“मॅडम, नियम मी लिहिलाय. उगाच नाही लिहिला. मी स्वतः टेक्निशियन होतो. लोकांच्या घरी बूट काढूनच जायचो, नाहीतर आत कोण घेणार? एकदा शिडी घसरली. थेट अंगठ्यावर. नख गेलं, हाड मोडलं. फरशीवर पाणी, हातात मशीन, पाय उघडे. मी माझ्या माणसांना ते करू देणार नाही.”

आता आली का पंचाईत! मला वाटलं होतं, नियम कुठल्यातरी ऑफिसात बसून कुणीतरी ठोकून दिला असेल आणि मी त्याची मस्त खिल्ली उडवीन. इथे तर मोडलेलं हाड निघालं. माणूस खरं बोलत होता. आणि नूर आणि रवी अंकलही खोटं वागले नव्हते.

“मग तुमची माणसं आज काय करतात?” मी विचारलं. “खरं सांगा.”

“माझ्यासमोर बूट घालून निघतात,” ते म्हणाले. “पुढचं मी विचारत नाही.”

म्हणजे सगळे मूग गिळून गप्प. माझ्या डोळ्यांसमोर एकदम सासूबाई आल्या. त्यांच्या टाचा दुखतात. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हटलं, तेव्हापासून त्यांच्या घरातल्या चपला वेगळ्या. त्या घालून त्या देवघरापर्यंत बिनधास्त जातात, आणि त्याच चपला घालून कुणी दाराबाहेर पाऊल टाकलं तर दिवसभर बोलणी खातो.

“घरातले सेफ्टी शूज ठेवा,” मी म्हटलं. “दुसरी जोडी. स्वच्छ. बॅगेत घेऊन जायची, दारात बदलायची. रस्त्यावर ती कधीच घालायची नाही.”

मिस्टर तिओंनी नकारार्थी मान हलवली. “आणखी एक बॅग. आणखी उशीर. कस्टमर म्हणणार, हा दारात बसून काय करतोय? वर्कर वैतागणार. नाही चालायचं.”

“चालेल, बॉस.”

आवाज गेटबाहेरून आला. नूर घरी गेलीच नव्हती. ग्रिलला धरून उभी होती, डोळे लाल, पण आवाज काउंटरवरचा.

“सॉरी, ऐकलं मी. बॉस, कस्टमर ऑन्टी दारात उभी असते ना, तिच्या डोळ्यांसमोर बॅग उघडायची. स्वच्छ बूट काढायचे. तळवे तिला दाखवायचे. म्हणायचं, ऑन्टी, हे फक्त घरात घालायचे. तिला वाटणार, ही माझ्या घराला मान देते. मग ती दुसऱ्या कंपनीला बोलावेल का? मी इतकी वर्षं तेच केलं, बॉस. क्रीम सगळीकडे सारखंच असतं. डबी कशी उघडतो त्यावर विकलं जातं.”

मिस्टर तिओंनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाले, “लंचनंतर सगळ्यांची टेस्ट पुन्हा. पण घरातले बूट हवेत. कुठून आणणार?”

कुठून म्हणजे काय! अख्ख्या बॅचनं आपापले बूट कॉइल धुवायच्या मोरीत घासले. साबण, ब्रश, पाण्याचा प्रेशर पंप. रवी अंकल बुटांचे तळवे नखांनी कोरत होते. एसी सुकवायच्या ब्लोअरसमोर बुटांची रांग लागली. जेवायला कुणी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, गेलं नाही. मी सगळ्यांसाठी पार्सल मागवलं आणि वर्कशॉपभर फ्राइड राइस आणि ओल्या चामड्याचा वास पसरला.

लंचनंतर नूर पुन्हा पहिली. बेल. “गुड आफ्टरनून, अंकल.” बॅग उघडली, घासलेले बूट बाहेर काढले, तळवे दाखवले. मिस्टर तिओंनी नाकाजवळ धरून पाहिले, हे मात्र जरा अतीच. मग ते पायात चढवून ती आत आली. वीज बंद, सोफ्यावर प्लास्टिकचं कापड, शिडी. मिस्टर तिओ अस्सल कटकट्या कस्टमर झाले. आवाज किती, वेळ किती, माझी सिरियल सुरू होईल. ती हसत हसत उत्तर देत होती आणि हात थांबत नव्हते. फिल्टर धुतला, युनिटखाली पिशवी अडकवून कॉइल धुतली, ड्रेन पाइप साफ केला. हा पाइप तुंबला की एसी घरात गळतो, तक्रारी मुख्यतः त्याच्याच. शेवटी ती शिडी उचलत असताना मिस्टर तिओ न राहवून मदतीला उठले.

“कस्टमर, प्लीज बसा,” नूर म्हणाली आणि शिडी एकटीनं उचलून बाहेर नेली.

मिस्टर तिओ बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सोमवार. सकाळी साडेसात. बुकित बातोक. उशीर नको.”

नूर गेटबाहेर खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं होतं आपण शिक्षक, आपण जरा धीरानं घ्यावं. कसलं काय, मीही तिच्या शेजारी फतकल मारली आणि दोघी रडलो. रवी अंकल बाजूला त्यांचे सुकलेले बूट हातात धरून आपल्या नंबराची वाट बघत उभे होते. तेही पास झाले. त्या दिवशी सगळेच झाले.

सोमवारी रात्री मी ओटा पुसत असताना नूरचा व्हॉइस मेसेज आला. पहिलं गिऱ्हाईक बुकित बातोकच्याच एका ब्लॉकमधली म्हातारी चिनी ऑन्टी होती. कडक, कपाळाला आठ्या. नूरनं दारात बॅग उघडली, बूट दाखवले. ऑन्टी वळून आत निघून गेली. नूरला वाटलं, झालं, हाकलणार आता. ऑन्टी परत आली ती खुर्ची घेऊन. दारात ठेवली आणि म्हणाली, बसून घाल, पडशील.

“चेर,” नूर म्हणत होती, “इतकी वर्षं मी कस्टमरला बसायला स्टूल द्यायचे, स्वतः उभी राहायचे. आज पहिल्यांदा कस्टमरनं मला खुर्ची दिली.”

मी तो मेसेज दोनदा ऐकला. मग सासूबाईंना ऐकवला.

आता आमच्या टेस्टमध्ये बेल वाजवायला मार्क आहेत, बूट बदलायला आहेत, कापड अंथरायलाही आहेत. खुर्चीला नाहीत. ती गिऱ्हाईक देतं.